खाली, वर आणि गप

आमच्या टेस्ट लॅबमध्ये एक रॅक आहे. फेल झालेले शॉकॲब्सॉर्बर त्यावर ठेवायचे, नंतर उघडून बघायचे. नंतर कधीच येत नाही, रॅक मात्र भरत जातो. किश्श्यांचंही तसंच आहे. एक खाली काढायला जावं तर तीन अंगावर पडतात. आणि अंगावर काही पडलं की मी किंचाळते, हे चाकणच्या निम्म्या एमआयडीसीला माहीत आहे!

*

माझा पहिला दिवस. येळवंडे मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या हेड, मला मशीन दाखवत होत्या. या मशीनवर शॉकॲब्सॉर्बर, ज्याला सगळी गॅरेजं शॉकअप म्हणतात, तो दिवसरात्र वरखाली आपटतात, मरेपर्यंत. मॅडमनी सहज बटण दाबलं. धाड्‌धाड्‌धाड्‌!

मी किंचाळून शेजारच्या माणसाला मिठी मारली. तो प्रसाद होता. टेक्निशियन, लातूरकडचा, ओळख होऊन जेमतेम पाच मिनिटं झालेली.

"बाई, नमस्कार केला असता तरी चाललं असतं की!" प्रसाद म्हणाला.

सगळी लॅब हसली. मला वाटलं, संपलं, संध्याकाळी घरी पाठवतील. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हसू नका रे. मशीन सुरू झाल्यावर जो दचकत नाही, त्याचीच बोटं आत जातात."

त्या दिवसापासून माझ्यासाठी मॅडम म्हणजे मॅडम!

*

आमच्या लॅबला एक वाईट खोड आहे. उभी गाडी दिसली की हात शिवशिवतात. कोपऱ्यावर दोन्ही हात टेकवायचे, सगळं वजन टाकून दाबायची आणि सोडायची. मॅडमचा मंत्र ठरलेला: "खाली, वर आणि गप." गाडी खाली गेली, वर आली आणि गप राहिली तर शॉकअप ठीक. नंतरही झोपाळ्यासारखी डुलत राहिली तर गेला.

एका सहकाऱ्याच्या लग्नात पार्किंगमध्ये नवरदेवाची गाडी उभी होती, फुलांनी मढवलेली. प्रसादला राहवलं नाही. त्याने मागचा कोपरा दाबला. गाडी डुलली, डुलली, डुलतच राहिली. बॉनेटवरचा गुच्छ खाली पडला. वॉचमन शिट्टी वाजवत आला. मी आधीच खांबामागे.

"काय चाललंय? गाडी उचलताय का?"

मॅडम पैठणीत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "दादा, आम्ही मुलीकडचे. नवरदेव बघून झाला, आता गाडी बघतोय."

वॉचमनने सलाम ठोकला. वर म्हणाला, "ताई, ते मागचं चाक पण बघा, लय वाजतंय!"

*

प्रसादला जुनी गाडी घ्यायची होती. एजंट गाडी घेऊन तळवड्याला आला, आम्ही तिघं बघायला गेलो. पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडून घ्यावा!

"एका डॉक्टरांची गाडी आहे मॅडम. फक्त क्लिनिक ते घर."

मॅडमनी बॉनेटही उघडलं नाही. खाली बसल्या आणि टायरवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग मलाही फिरवायला लावला. रबर लाटांसारखं खालीवर झिजलेलं होतं, मधूनच खड्डा, मधूनच उंचवटा. मग चाकामागे वाकून बघितलं. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिखल.

मॅडम उठल्या, हात झटकले.

"डॉक्टर क्लिनिकला शेतातून जात होते का हो?"

एजंटने किंमत कमी केली नाही. गाडीच घेऊन गेला!

*

आता मॅडमची स्वतःची गाडी. अठरा वर्षांची. आमची कंपनी शॉकअप बनवते, त्याच्या टेस्टिंगच्या हेड या, आणि गाडी कंपनीच्या गेटमधून आत येते तेव्हा आवाज असा, की जणू डब्यात चमचे ठेवलेत. प्रसाद म्हणायचा, "दिव्याखाली अंधार असतो, इथं तर दिव्याखाली लोडशेडिंग आहे राव!"

मॅडमचं म्हणणं पक्कं होतं. "वय झालं म्हणून माणसाला रिटायर करतात, पार्टला नाही. पार्ट गेला हे त्याने स्वतः सांगायला हवं."

एकदा आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून तळवड्याला चाललो होतो. प्रत्येक खड्ड्याला पुढून 'टक' यायचं. प्रत्येक टकला मी दारावरचं हँडल पकडायची आणि मॅडम माझ्याकडे बघायच्या.

"हिचं काय घेऊन बसलात मॅडम," प्रसाद म्हणाला, "ही प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही दचकते."

मॅडमनी गाडी बाजूला घेतली. "दचकू दे. पण ती फक्त डावं चाक खड्ड्यात गेलं कीच दचकतेय."

खाली उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाचा बुश, म्हणजे लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये असतो तो रबर, पार फाटलेला. मॅडमनी तो त्याच आठवड्यात बदलला. जुना तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुझं पहिलं डिटेक्शन."

घाबरटपणाला कोणी डिटेक्शन म्हणालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो रबर अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

*

बुश बदलला, आणि मग आले आप्पा.

आप्पा म्हणजे मॅडमचे वडील. चाकणच्या पुढच्या गावात बापलेक दोघंच राहतात. पडून त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, हाड जुळलंय, आता व्यायाम केला तर चालतील, नाही केला तर खाट कायमची. व्यायामासाठी तळवड्याच्या फिजिओथेरपीला जायचं. आणि आप्पा दर वेळी काहीतरी कारण काढून टाळायचे. आज पोट बिघडलंय, आज पावणं येणार, आज अमावस्या!

"हट्टी झालेत," मॅडम म्हणाल्या. मॅडमचा आवाज बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. "बळजबरी करून किती दिवस नेणार? शनिवारी तू येशील का? मागे त्यांच्याजवळ बस. परत येताना घरी जेवायलाच चल."

मी चाकणला पीजीत राहते, जेवणाचं नाव काढलं की कुठेही जाते. बसले.

पुढचा बुश नवा होता, टक गेलं होतं. पण मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले होते. पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर, आणि तेवढ्यात दुसरा खड्डा!

"आई गं!"

आप्पा शेजारी शांत. पुढचा खड्डा. मी परत "आई गं!" मला इतकी लाज वाटली, की मी तोंडावर ओढणी धरली.

"आप्पा, सॉरी हं. मी जरा घाबरट आहे."

"वरड पोरी, वरड," आप्पा म्हणाले. "माझ्या वाटचं बी तूच वरडतीस. मला बरं पडतंय."

मी बघितलं. त्यांच्या मुठीने सीटची कडा अशी धरलेली, की बोटं पांढरी पडली होती.

आरशातून मॅडमनीही बघितलं. गाडी कडेला थांबली.

"आप्पा, दुखतंय तर बोलला का न्हाई?"

"तुझी गाडी हाय. तुला वाईट वाटंल."

मॅडमनी इंजिन बंद केलं. मग मला म्हणाल्या, "दाबून बघितली होती गं मी. पण हाताला फक्त मेलेला शॉकअप कळतो, मरायला टेकलेला नाही. आणि तो हळूहळू जातो ना, रोज चालवणाऱ्याला त्याची सवय होते. मागे तर मी कधी बसलेच नाही."

सोमवारी गाडी गॅरेजमध्ये. मागचे दोन्ही शॉकअप नवे, जोडीने. "एकच बदलला तर गाडी लंगडते," मॅडम म्हणाल्या, "आणि घरात लंगडणारं एक पुरे आहे."

लॅबमध्ये त्यांनी हा किस्सा स्वतः सांगितला, सगळ्यांसमोर, नव्या पोरांना. "ड्रायव्हरला विचारू नका. मागे बसणाऱ्याला विचारा." एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचं दुसरं कोणी हे सांगेल का, मला शंका आहे.

*

आता शेवटचा.

आप्पांच्या घराच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे. तो आप्पांनी भांडून करून घेतलाय. ट्रक भरधाव जायचे, पोरं शाळेला निघायची. गावात त्याला 'आप्पांचा ब्रेकर' म्हणतात. नवे शॉकअप बसवल्यावर आप्पांनी व्यायामाची एकही खेप चुकवली नाही. पण तो ब्रेकर आला की सवयीने मूठ आवळायचे आणि मला सांगायचे, "धर गं पोरी!" घरातसुद्धा एका हातात काठी, दुसऱ्या हातात लेकीचा दंड. डॉक्टर सांगून थकले, आता नुसती काठी पुरे. आप्पा ऐकायचे नाहीत.

एका शनिवारी परत येताना आप्पा चाकणलाच गाडीत झोपी गेले. माझ्या खांद्यावर डोकं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. ब्रेकर आला. मॅडमनी हळूच घेतला. खाली, वर आणि गप. दारात गाडी थांबली तेव्हा आप्पा जागे झाले.

"थांबलीस का?"

"घर आलं आप्पा."

"अन् ब्रेकर?"

"गेला की मघाशी."

"गेला? मंग मला जाग कशी न्हाई आली? कुनी काढला?" आप्पांनी दार उघडलं. "मी जित्ता हाय तवर माझा ब्रेकर काढला? थांबा, सरपंचालाच इचारतो!"

मॅडम पट्टा सोडून खाली उतरेपर्यंत आप्पा काठी टेकत मागे निघाले होते. मी जीव मुठीत धरून त्यांच्यामागे. ब्रेकर होता तिथेच होता. आप्पांनी त्यावर काठी आपटली. मग गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे, संशयाने.

"ही धर," म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली.

गाडीपाशी आले. दोन्ही हात मागच्या कोपऱ्यावर टेकवले, अंगातला होता नव्हता जोर लावून दाबली आणि सोडली.

गाडी खाली गेली. वर आली. गप राहिली.

"हां," आप्पा लेकीला म्हणाले, "आता चहा टाक शैला."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या. काठी माझ्याच हातात होती, आणि आप्पा उंबरा ओलांडून आत गेले होते.