बाहेरचा आवाज

"थांबा, थांबा. आता. ऐकलंत?"

एवढं म्हणून तो उजव्या हाताचं बोट हवेत उभं करायचा आणि सगळ्या जगाने श्वास रोखून धरावा, अशी त्याची अपेक्षा असायची. जग राहू द्या, मंडळी, कोलकात्याच्या डमडममधल्या आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा त्या बोटाला भीक घालत नसे. पण मी गप्प व्हायचो. मला वाक्याच्या मध्यावर गप्प करणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि तो जेमतेम पंचविशीचा होता.

तो आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. मूळचा कराडकडचा. बेहालाला एका स्टुडिओत जाहिरातींना आणि मालिकांना आवाज जोडायचं त्याचं काम. पडद्यावर दार उघडलं की दाराची करकर हा पुरवणार, नट चिखलातून चालला की पचक पचक हा करणार. एकदा लहान मुलांच्या मालिकेतल्या राक्षसाची डरकाळी मला फार ओळखीची वाटली, तर म्हणाला, "काका, दुपारी सोफ्यावर घोरत होतात ना? थोडी जाड केली फक्त."

आम्ही तीन पिढ्यांचे कोलकातेकर. घरात मराठी, रस्त्यावर बंगाली आणि अडचणीत हिंदी. जिन्यात मराठी बोलणारा पोरगा सापडला म्हटल्यावर बायकोने त्याला पोह्यांच्या बशीशी बांधून घातला. बारसं मी केलं. तानसेन होता येत नसेल तर कानसेन व्हावं म्हणतात, म्हणून कानसेन. खरं नाव सांगत नाही. तो आता गावी असतो. हे वाचत असेल तर उगाच व्हिडिओ कॉल करून भांडेल.

शनिवार-रविवार आला की गळ्यात रेकॉर्डर, पाठीवर सॅक आणि हातात तो केसाळ टोपी घातलेला माईक. वारा लागू नये म्हणून त्याला टोपी असते म्हणे. आमच्या हिने तिचं नाव ठेवलं बोका. "आज बोक्याला कुठे फिरवणार?" ही विचारायची. बोका हावड्याच्या छोट्या कारखान्यांत लेथसमोर बसून आला. फेरीबोट धक्क्याला टेकते तेव्हा साखळी कशी कण्हते ते ऐकून आला. पुष्कळदा बोक्यामागोमाग मीही. हा साखळीपाशी उकिडवा बसलेला आणि मी भोवतीच्या गर्दीला, "सरून, सरून, शूटिंग चोलछे," बाजूला व्हा, शूटिंग चाललंय, असं खोटंच दटावत उभा. कोलकात्यात शूटिंग म्हटलं की गर्दी दुप्पट होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रविवारी संध्याकाळी तो आम्हाला आठवड्याची शिकार ऐकवायचा. "ओळखा." मी प्रत्येक वेळी रेल्वे म्हणायचो. ही बरोबर ओळखायची.

इथपर्यंत सगळी गंमत होती.

त्या उन्हाळ्यात एकदा तो जिन्यात थबकला, बोट वर केलं आणि म्हणाला, "हे नवीन आहे."

"काय?"

"बारीक शिट्टी. खूप लांब कुणीतरी कुकर लावून विसरून गेलंय, अशी. थांबतच नाही."

मी कान टवकारले. कुत्रं, सायकलची घंटी, कुणाच्या तरी कढईतलं मोहरीचं तेल. शिट्टी नाही.

"तुम्हाला नाही ऐकू यायची," तो म्हणाला, आणि खरं सांगतो, त्याचा चेहरा उजळला होता. "इतकं बारीक सगळ्यांना ऐकू येत नाही काका."

मग शोध सुरू झाला. आधी आमच्या फ्रिजवर संशय. तो बंद केला, दूध नासलं, शिट्टी चालूच. मग गच्चीवरचा पंप. मग कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्याखाली हा इतका वेळ मान वर करून उभा राहायचा की लोक जाता जाता हात जोडून जायला लागले. मग विमानतळ. आमच्या डोक्यावरून विमानं अशी जातात की दोरीवरचे कपडे हलतात. तो म्हणाला, विमानांचं नाही, विमानं नसताना जास्त येतं.

शेवटी एका रविवारी भर दुपारी त्याने अख्ख्या इमारतीचा मेन स्विच बंद करायला लावला. मे महिना. पंखे गचके खात थांबले आणि सगळी बिऱ्हाडं घामाघूम होऊन जिन्यात जमली. तळमजल्यावरचे घोषबाबू बनियनवर, हातात ताडाचा पंखा. कानसेन मधल्या चौकात बोट वर करून उभा. इतकी शांतता त्या घराने कधी ऐकली नसेल. एका बाईचं बाळसुद्धा रडायचं विसरलं.

"शुनते पाच्छि!" घोषबाबू कुजबुजले. ऐकू येतंय! घोषबाबूंना सगळंच ऐकू येतं, त्यांच्या कैलासवासी सासूबाईसुद्धा. मला हसू फुटणार होतं, पण मी कानसेनाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"आहे," तो म्हणाला. "वीज गेल्यावर मोठं झालं."

त्या संध्याकाळी हिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि सरळच सांगितलं, "कान दाखवून घे."

"काकू, माझ्या कानांत काही नाही. ते बाहेर आहे."

"बाहेर असेल तर चांगलंच. दाखवायला काय जातं?"

"बाहेरच आहे!" तो पहिल्यांदाच आमच्यावर ओरडला. मग खाली बघून बशी फिरवत बसला. आम्हा तिघांनाही कळलं होतं, प्रश्न कुकरच्या शिट्टीचा नाही. शिट्टी बाहेर असेल तर या शहरातले सगळ्यांत तिखट कान याचे. आत असेल तर पोट, हौस, शनिवार, रविवार, सगळं ज्यावर उभं आहे त्याच्या बुडाला वाळवी लागली होती.

तेव्हा त्याने ठरवलं की जिथे विजेची तारच नाही तिथे जाऊन बघायचं. सियालदाहून लोकलने दक्षिणेला, कॅनिंगच्या पुढे, तिथून होडी. पाण्यात उभी झाडं आणि वर सपाट राखाडी आभाळ. मी खूश. डबा आणला होता, नावाड्याला माझ्या नाटकातल्या करामती सांगत होतो. मधोमध आल्यावर कानसेनाने खूण केली, नावाड्याने वल्ही उचलली. होडी आपोआप एका बाजूला वाहायला लागली.

तो बराच वेळ बसला. मग हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवले. "बघा, येतंय का?"

मंडळी, मी किंचाळलो. कानात तोफ डागल्यासारखं झालं! होडीला थापट्या मारणारं पाणी गडगडत होतं, नावाड्याचा श्वास म्हणजे वादळ. मी हेडफोन भिरकावले, होडी डुलली, नावाडी मला नको ते बोलला.

"अरे, एवढ्या मोठ्याने ऐकतोस?"

"एवढंच तर ठेवतो नेहमी," तो म्हणाला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो पाण्यापलीकडे बघत होता. "इथेही आहे, काका. म्हणजे हे फार मोठं आहे. जमिनीतूनच येत असणार."

सबंध बंगाल शिट्टी वाजवतोय हे मानायला तो तयार होता. परतीच्या लोकलमध्ये मी एकही विनोद केला नाही.

भाद्रपद आला. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. पोरं बंगाली हेल काढून आरत्या म्हणतात आणि त्यांच्या आया त्यांना चिमटे काढतात. झांजा वाजवण्याचा मान माझा. मान म्हणजे, मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कानसेन आरतीचं रेकॉर्डिंग करायला आला आणि बोका त्याने थेट माझ्यासमोर धरला. मी जीव तोडून वाजवलं. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी कानात बोटं घातली, ही मी दादच समजतो.

पुढच्या रविवारी तो लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन आमच्याकडे आला. आरती लावली. ढोलकी, टाळ्या, पोरांचे हेल, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर माझ्या झांजा, नुसता कहर. मी डोळे मिटून स्वतःचं कौतुक ऐकत होतो.

"काका," तो म्हणाला, "या वर्षी तुम्ही झांजा का नाही वाजवल्या?"

मी डोळे उघडले. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली. झांजा वाजत होत्या. खिडकीच्या काचेवर आपटत होत्या.

"चेष्टा करतोस होय रे?" मी म्हटलं. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

त्याने आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि हळूच लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकत होतं. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर, हे त्यानेच मला कधीतरी शिकवलं होतं. तळाला ढोलकीचे डाग होते. वरच्या टोकाला, प्रत्येक ठोक्याला, केशरी पट्टे उमटत होते. त्याने एका पट्ट्यावर बोट ठेवलं. तो सरकून गेला. दुसऱ्यावर ठेवलं.

"काकू, आत्ता वाजतायत?"

"वाजतायत रे बाळा."

त्याने आवाज पूर्ण वाढवला. आमचे पेले थरथरले, खालून घोषबाबू ओरडले.

"आता?"

हिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो मात्र शेवटचा पट्टा सरकून जाईपर्यंत पडद्याकडे बघत राहिला. एखाद्या माणसाला आपल्याच घरात शिरलेला चोर खिडकीतून दिसावा, तसा.

दवाखान्यात मी बरोबर गेलो. तिथे एक काचेची खोली असते. आत पेशंट, कानावर हेडफोन. बाहेर बसून तिथली माणसं बारीक-जाड सूर पाठवणार आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. दार असं बंद होतं की आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. मी बाहेरच्या खुर्चीत बसून बघत होतो. तो बटण हातात धरून वाट बघत होता. खूप वेळ नुसताच वाट बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची उतरत गेलेली रेघ पाहिली आणि मला घरचा वडीलधारा समजून बाजूला घेतलं. शिट्टी बाहेरची नाही, म्हणाल्या. जे सूर मेले त्यांच्या जागी मेंदूच शिट्टी वाजवत राहतो. मोठ्या आवाजाने भर पडली असेल, पण मूळ दोष रक्तातला दिसतो. हा थांबत नाही. बारीक सूर गेले, आता मधले जातील. मग माणसांचं बोलणं. यंत्रांनी काही दिवस निभेल.

मी तिथेच काचेसमोर उभा राहून हिला फोन लावला. "अगं, सगळंच जाणार म्हणतायत. हळूहळू, पण सगळं. नाही, नाही, त्याला इतक्यात काही सांगायचं नाही. तो आतच बसलाय, त्याला काय ऐकू येतंय!"

काचेपलीकडे त्याने डोक्यावरचे हेडफोन काढले, खुंटीला अडकवले आणि दार उघडून बाहेर आला.

"काकूंना सांगा, मला कळलं."

"काय कळलं?"

"सगळं जाणार ते."

मी काचेकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही बोलताना तोंड फार छान उघडता, काका. नाटकवाले ना," तो म्हणाला. "मराठी मला ओठांवरून कळतं. बंगाली नाही जमत. ऑफिसात वर्षभर सगळ्यांकडे बघून नुसता हसतोय. माजलाय म्हणतात."

वर्षभर! आणि वर्षभर तो दर रविवारी आमच्याकडे समोरची खुर्ची ओढून बसत होता, माझ्या तोंडावरून नजर न हलवता. मला वाटायचं, काय पोरगा आहे! काय माझ्या गोष्टी आहेत!

परत येताना मेट्रोत माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही तो समोरच्या बाकावर जाऊन बसला. आता त्याचं कारण विचारण्याची गरज नव्हती.

"बोला ना काका," तो म्हणाला. "गप्प नका बसू. एखादी न सांगितलेली गोष्ट सांगा."

मी सांगायला लागलो. मंडळाच्या नाटकात मी यम झालो होतो. सत्यवानाचे प्राण न्यायला ऐटीत वाकलो आणि माझी डिंकाने चिकटवलेली मिशी सुटून थेट मेलेल्या सत्यवानाच्या नाकावर पडली. पडली, आणि इथे मी आवाज बंद केला. पूर्ण. नुसते ओठ हलवत राहिलो. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि पर्स जवळ ओढून घेतली. मी थांबलो नाही. सावित्री रडायची थांबली, मी निःशब्द सांगितलं. प्रेक्षकांत शांतता. सत्यवानाचं नाक हललं. मग मेलेला सत्यवान शिंकला.

तो हसला. अगदी बरोबर जागी.