गरम पेंड

पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं, तेव्हाच मालसुनने ओळखलं, आजचा दिवस काही धड जायचा नाही. चुसक या सुगीच्या सणाचा आदला दिवस, ओढ्याकाठच्या बाजारातला वर्षातला सगळ्यात मोठा, आणि सकाळी सकाळी एक गॉगलवाली पोरगी येते काय, तेलाच्या बाटलीचा वास घेते काय आणि "बघते" म्हणून निघून जाते काय! भवानी न करता गिऱ्हाईक गेलं की दिवस नासतो, हे या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. अपशकुन घालवायला मालसुनने मूठभर मीठ उंबऱ्याबाहेर फेकलं. तरी जीव थाऱ्यावर येईना.

समोर दक्शिम किमचीच्या कोबीला मिठाच्या पाण्यात बुडवत बसली होती. तिने ते पाहिलं.

"ताई, एवढं मीठ माझ्या कोबीला दिलं असतंस तर पुण्य तरी लागलं असतं."

"तू गप गं. तुझी झाली ना भवानी?"

"झाली की. त्या गॉगलवालीनेच मुळ्याची किमची नेली."

मालसुनने तिच्याकडे पाठ फिरवली आणि घाणा सुरू केला.

लग्न होऊन ती या तेलाच्या दुकानात आली, तेव्हा तिला धड तीळ भाजता येत नव्हते. नवरा बोलण्यात महाकंजूष. त्याने आयुष्यात एकच गोष्ट ओरडून शिकवली, ती म्हणजे पेंड गरम असताना पोत्यात भरायची नाही. तेल निघालं तरी पेंड आतल्या आत तापत राहते, आणि कोंडली की काडी न लावता पेटते. नवरा गेल्यावर त्याचं वर्षश्राद्ध एकदा चुकलं असेल, पण हा नेम कधी चुकला नाही. मागच्या अंगणातल्या पत्र्यावर ती पेंड पसरायची, उलथायची, हात घालून बघायची. "नवऱ्याला कधी वारा घातला नाही, पेंडीला घालते," असं बाजार म्हणायचा. म्हणेना का. लाकडी माळ्यांची, एकाच छपराखालची ही सगळी रांग. एक दुकान पेटलं तर दुसरं काय बघत बसणार?

पण आज तिला धास्ती होती ती त्या फिरलेल्या गिऱ्हाइकाची. बिघडलेला दिवस सावरायचा तर हात सढळ सोडायचा, एवढा एकच उपाय तिला ठाऊक होता. मापावर वरची मूठ घालायची रीत इथे सगळ्यांचीच. आज मालसुन तिळाच्या मापावर दोन-दोन मुठी घालत सुटली. दुपारी गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर गेली, मागचा पत्रा पेंडीने भरून वाहू लागला, आणि तेवढ्यात दक्शिम आली.

"ताई, माझ्या मिरच्यांच्या रोपांना खताला मूठभर पेंड दे ना."

"मूठ कसली मागतेस भिकाऱ्यासारखी?" म्हणत मालसुनने घाण्यातून निघालेली पेंड तशीच पोत्यात लोटली. पोतं भरलं. "पसरून ठेव" हे शब्द तोंडाशी आलेही होते, पण कुणीतरी बाटली आपटून हाक मारली. दक्शिम खुशीत पोतं ओढत गेली.

संध्याकाळी शटरं पडली. लोक सणाला आपापल्या गावी निघून गेले, गल्ली ओस पडली. मालसुन तीळ भाजायचं पिंप पुसत होती. पिंप कधीचंच गार झालं होतं, तरी नाकाशी तीळ भाजल्याचा वास येत होता. जरा जास्तच भाजल्याचा. ती घाण्यापाशी गेली, तोही थंड. मागे गेली. पत्र्यावरची पेंड निवली होती.

मग तिला पोतं आठवलं.

दक्शिमचं शटर अर्धं खाली होतं. दुखरे गुडघे घेऊन ती रोज या वेळी माळ्यावर जरा पडायची. मालसुन वाकून आत शिरली. शिडीच्या पायाशी पोतं होतं, तोंड घट्ट बांधलेलं, आणि त्याच्या शिवणीतून धूर निघत होता. तिने ते उघड्या हातांनी गल्लीत ओढलं आणि कोबीच्या मिठाच्या पाण्याचं घमेलं त्यावर पालथं केलं.

"माझं पाणी!" दक्शिम शिडीवरून ओरडली. "वेड लागलं का तुला, ताई?"

मालसुन ओल्या फरशीवर बसली. तिचे तळहात भाजले होते. "मला वाटलं, मी तुला मारलं," ती म्हणाली आणि तोंड झाकून रडू लागली.

दक्शिम तिच्या शेजारी टेकली, पाठीवरून हात फिरवू लागली. "एवढं काय गं. विझलं ना? आणि पोतं तरी कुठे पुरं होतं, अर्धंच तर होतं."

"अर्धं?"

"मी एकटी एवढ्या पेंडीचं काय करू? अर्धी रजईवाल्या फिल्सूभाऊला दिली, त्याच्या गावच्या शेताला."

"मग तो घेऊन गेला ना?"

"कसला. बसमध्ये जड होईल म्हणाला. सणानंतर नेतो म्हणून रजयांच्या गठ्ठ्यांमागे ठेवून गेला, दुपारीच."

भिजलेल्या पोत्यातून आता धूर येत नव्हता. वास मात्र येतच होता.

रजयांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. मालसुन धावत गेली. शटरला बाहेरून कुलूप होतं. भाजलेला तळहात तिने शटरवर ठेवला आणि तसाच मागे घेतला. शटर तापलं होतं.

"दक्शिम," ती वळून म्हणाली, "माळ्यांवर जे कुणी उरले असतील, त्या सगळ्यांना हाका मार. बाहेर काढ."