डाळिंबाचं सरबत

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही, आणि तो पोटातलं काढून घेण्यात पटाईत माणूस. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुषमाला ओळखत नाही.

सुषमा आणि मी पिपरी मेघेत एकाच गल्लीत वाढलो. पोलीस भरतीची तयारीही मिळूनच केली. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे सकाळीच डांबर चटके देतं, आणि त्यात आमचं पळणं. भिजवलेले चणे एकाच डब्यातले, पाण्याची बाटली एकच. भरतीसाठी तिचं वय संपत आलं होतं, तिची ही शेवटचीच संधी. मला अजून वेळ होता. हे आधीच सांगून टाकते — नाहीतर उगाच माझी बाजू घ्याल.

मग ती माझ्यापुढे निघू लागली. मी कमरेवर हात ठेवून धापा टाकायची, आणि ही बाई पुढचा फेरा घ्यायची. ओठ लालसर. काय पितेस विचारलं, तर म्हणे डाळिंबाचं सरबत. मी मानलं. का नाही मानणार?

तिचा भाऊच एकदा बोलून गेला, ताईसाठी पुण्याहून बिटाची पावडर पाठवतो म्हणून. मी आमच्या भरतीच्या सरांना आडून विचारलं. ते म्हणाले, बिटात नायट्रेट असतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात, पळताना दम कमी लागतो म्हणतात. पण असल्या उन्हात ते किती कामाचं, कुणी छातीठोक सांगू नये. आणि लघवी लाल झाली तर घाबरायचं नाही, तो बिटाचा रंग असतो.

आज सांगेल, उद्या सांगेल — मी वाट बघत राहिले. चणासुद्धा वाटून खाणारी ही, आणि माझ्यापासून पावडर लपवते? केसानं गळा कापला होता तिनं माझा. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटलं.

एका दुपारी ती घरी आली, दार लोटून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"मले लघवीतून रक्त जाऊन राह्यलं वं. कोणाले सांगू नको."

मी तिच्याकडे बघत बसले. आता तरी सांग ना बाई — म्हण, पावडर घेते मी! नाही बोलली. उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी घेऊ का, असलं काहीतरी विचारत राहिली. आणि तिनं सांगितलं असतं, तर मी तरी खरं बोलले असते का? — कुणास ठाऊक.

"उन्हानं किडनीवर आलं तुह्या," मी म्हणाले. "पळणं बंद कर, नाई तं जीव जाईन."

किती सहज बोलले मी! डॉक्टरकडे जाते म्हणाली, तर तेही मीच मोडून काढलं — बाबांच्या कानावर गेलं की उद्यापासून स्थळं बघतील, म्हटलं. तिनं पळणं सोडलं. पळणं सुटलं तशी पावडरही सुटली, आणि लाली गेली. तिला वाटलं, आरामानं गुण आला. मैदानी चाचणीला मी एकटीच गेले. आज मी पोलिसात आहे. ती हिंगणघाटला सासरी आहे.

आणि ती मला मानते हो! हळदीकुंकवाला चार बायकांत सांगते, हिच्यामुळे माझी किडनी वाचली. मी वाण घेते आणि हसते.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिची लेक शाळेच्या शर्यतीत पहिली आलेली, उन्हाळी शिबिराला जायचं म्हणून हटून बसलेली. सुषमा म्हणत होती, उन्हात पळून माझं काय झालं होतं ते मावशीलाच विचार. पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, मी जाऊ?"

सुषमा माझ्याकडे बघत होती, अगदी भरवशानं.

"आईचं ऐकजो," मी म्हणाले.