मुंग्यांचे सर

कोल्हापुरातला सर्वांत अस्वस्थ माणूस कोण, अशी स्पर्धा लागली तर पहिला नंबर आमच्या शेजारच्या सरांचा. फक्त बक्षीस घ्यायला ते जागेवर सापडणार नाहीत. सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. ज्या जाळ्यात मुख्य कॉम्प्युटरच नाही, प्रत्येकाला फक्त आपला शेजारी ठाऊक, तिथं हवी ती फाइल कशी शोधायची, हा त्यांचा पीएचडीचा विषय. उत्तर म्हणे मुंग्यांकडे आहे. मुंगी वाटेवर वास सोडते, मागच्या त्या वासावर येतात, आणि कुणी फिरकलं नाही की वास उडतो. हे पडताळायला सर स्वयंपाकाच्या ओट्यावर गूळ ठेवतात आणि फडकं फिरवू देत नाहीत. "लोक मुंग्या झाल्यावर पावडर टाकत्यात, आमच्यात गूळ टाकत्यात!" वहिनी अख्ख्या गल्लीला ऐकवतात.

चहा अर्धा टाकून उठणं नेहमीचंच. कॉलेजातून बावड्याला घरी यायलाही रोज नवी वाट. एकदा मी गाडीवर मागं बसलो, तर उसातून थेट कुणाच्या तरी गोठ्यात! "पावणं, कुणाकडं?" म्हशीवाल्यानं विचारलं. सर मला म्हणाले, "सगळ्यांनीच मळल्या वाटेनं गेल्यावर नवं काय घावायचं? एखादी मुंगी चुकाय पायजेच की!"

आणि एका संध्याकाळी त्यांचे वडील हरवले. अण्णांना अलीकडे विसर पडायचा. आम्ही देऊळ, स्टँड, सगळं पालथं घातलं. सर मात्र फाटकाशी खिळून उभे. या माणसाला स्थिर पाहून मला भीतीच वाटली. मग एकदम कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे धावले. त्यानं दूधवाल्याकडे बोट दाखवलं, दूधवाल्यानं उसाकडे. म्हणाला, "म्हातारं इचारत हुतं, माझं पोरगं हिकडनं गेलं काय? म्हटलं, परवा गेलं की!"

अण्णा त्याच गोठ्याच्या दारात बसले होते.

"अण्णा, कुठं गेलतासा?" सर त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"तुलाच हुडकत हुतो. कुठल्या वाटंनं येतोस, कळतच न्हाय की."

दुसऱ्या दिवसापासून सर एकाच वाटेनं घरी येऊ लागले. अण्णा कोपऱ्यावर वाट बघत उभे असायचे.

यंदा अण्णा गेले. सर अजून त्याच वाटेनं येतात, कोपरा आला की गाडी हळू करतात. मी परवा म्हटलं, "सर, आता नवी वाट धरा की."

"धरतो. जरा वास उडू दे."

रोज तिथूनच जाणाऱ्याच्या वाटेचा वास उडायचा कसा, हे मुंग्यांच्या सरांना मी काय सांगणार!