रात्री घरी किती वाजता येतो

ओरेस्ट हुमेनियुक कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि क्लबने त्याला ठेवला होता तो याचसाठी.

त्याआधीची सगळी उमेदवारी त्याने कॅनोरा गावच्या धान्य-कोठारावर काढली. शेतकरी ट्रक घेऊन यायचा, वर खडखडीत वाळलेला गहू आणि पोटात ओलसर. ओरेस्ट हसून रामराम करावा तसा हात वर करायचा आणि तोच हात कोपरापर्यंत गव्हात घालून तळाची मूठ बाहेर काढायचा. पुढे कोठार बंद पडलं तेव्हा हॉकीच्या एका मोठ्या क्लबने त्याला पोरं पारखायच्या कामावर घेतलं. हॉकी म्हणजे बर्फावरची, त्या मुलखात दुसरी कुणाला ठाऊक नाही. दर जूनमध्ये सगळे क्लब एका जागी बसतात आणि आळीपाळीने अठरा वर्षांची पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. एकाने नाव उचललं की ते दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून कुठलं पोरगं खरंच चांगलं आहे हे आधी ओळखायचं, आणि ओळखलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं ते दुहेरी काम.

ओरेस्टला ते जन्मजात येत होतं म्हणा ना. पोराने गोल केला की सगळं स्टेडियम उभं राहायचं, आणि हा बसल्या जागी डोळे बारीक करायचा. समोरचा गोलकीपर कच्चा असेल. नाहीतर आज आपण आलोय हे कुणीतरी याला सांगितलं असेल. त्यामुळे तो कधी वरच्या कोपऱ्यात बसायचा, कधी पॉपकॉर्नच्या ठेल्याआड उभा राहायचा. पककडे, म्हणजे खेळातल्या त्या रबरी चकतीकडे, बघायचाच नाही. पोराचे पाय बघायचा. चूक झाल्यावर बाकावर परतताना मान कुठे असते ते बघायचा. प्रशिक्षक ओरडला की पोरगं पाणी पितं की शेजाऱ्याला दोष देतं, ते बघायचा. सामना संपल्यावर बाहेर थांबून बापाची मनगटं बघायचा, कारण पोरगं अजून किती वाढेल ते मनगटांवरून कळतं अशी त्याची खात्री होती. बाप खोटं बोलेल, मनगट कसं बोलेल?

सगळ्या क्लबांची अशी माणसं एकच रस्ते तुडवतात. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांच्यासाठी एक खोली असते. मध्यंतरात तिथे पातळ कॉफी आणि साखर लावलेले डोनट. कुणाची गाडी बर्फात रुतली तर दुसरा दोर बांधून ओढतो, कुणाची बायको आजारी पडली तर सगळे विचारपूस करतात, पण पोरांबद्दल खरं कुणी बोलत नाही. लाइल फ्रीसन म्हणून एकजण होता. दुसऱ्या क्लबचा, मेनोनाइट पंथाच्या घरातला, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. ओरेस्टची गाडी त्याने दोनदा खड्ड्यातून काढली होती. ओरेस्ट त्याला चांगला माणूस म्हणायचा आणि त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

जानेवारीत ओरेस्टला रीस लावाले दिसला.

बावीस नंबरचा, बचावाला खेळणारा, काटकुळा. स्वतःच्या गोलमागे पक पडलेला, दोन दांडगी पोरं अंगावर धावून येताहेत, आणि हा पककडे जाता जाता मागे वळून बघतो. हे बरीच पोरं करतात. याने पुन्हा एकदा बघितलं, आणि दुसऱ्या खांद्यावरून. मग पक असा सोडला की दोघं दांडगे एकमेकांवरच आदळले. टाळ्या पडल्या नाहीत, कारण घडलं काहीच नव्हतं. ओरेस्टने मात्र हातातली कॉफी खाली ठेवली. अकरा हिवाळ्यांत त्याने सुचवलेलं एकही पोरगं क्लबच्या मोठ्या संघापर्यंत पोचलं नव्हतं. वरून तसे टोमणेही यायला लागले होते. हा पोचणार होता. गोल कमी, अंगात मांस नाही, त्यामुळे इतरांचं लक्ष नाही. आता फक्त जूनपर्यंत ते त्याच्याकडे जाऊ द्यायचं नव्हतं.

आणि मध्यंतरात लाइलने बी फोडत सहज विचारलं, "तो बावीस नंबरचा बघितलास का रे?"

ओरेस्टने चेहरा हलू दिला नाही. डोनट कॉफीत बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.

"बरा आहे," तो म्हणाला. "रात्री घरी किती वाजता येतो, विचारलंय का कुणी?"

लाइलचं फोडणं थांबलं. कॉफीच्या भांड्यापाशी आणखी दोघं उभे होते, त्यांच्या माना किंचित वळल्या.

यात खोटं कुठे होतं? तो दर रविवारी चर्चमध्ये जाणारा माणूस. गुड फ्रायडेआधीच्या लेंटच्या उपासात मांसाला हात लावत नसे आणि खोटं बोलत नसे. त्याने फक्त प्रश्न विचारला होता. प्रश्न विचारणं काही पाप नव्हे, असं त्याने स्वतःला तिथल्या तिथे पटवलं होतं. घरी जाऊन त्याने कोबीच्या पानात गुंडाळलेला भात पोटभर खाल्ला आणि निवांत झोपला. मार्चपर्यंत तो ते विसरूनही गेला.

मार्चमध्ये क्लबचा मुख्य पारखी कीथ मॅकरे याचा फोन आला. ओरेस्टने सुचवलेल्या रीसवर म्हणे त्याचं मन बसत नव्हतं. पोराला रात्री बाहेर राहायची सवय आहे. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून, तीन वेगवेगळ्या माणसांकडून त्याने हे ऐकलं होतं, आणि एकमेकांशी न बोलणारी तीन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी असते. एप्रिलच्या बैठकीत नाव काढून टाकायचा त्याचा विचार होता.

ओरेस्टने फोन ठेवला आणि त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते लाइलचं. बियाखाऊ चोर. स्वतःला पोरगं हवं म्हणून त्याची बदनामी करतोय, म्हणजे इतरांनी सोडून द्यावं. ओरेस्टची बायको पावलीना बीट सोलत होती. तिला त्याने सगळं सांगितलं. तिने विचारलं, लाइलला पोरगं हवंय हे तुला कसं कळलं? तो म्हणाला, त्यानेच तर विचारलं होतं मला. "मग तू काय सांगितलंस?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो रीस जिथे खेळायचा त्या बेलफर्डला गेला. ही पोरं आईबापांपासून लांब, गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहतात. घरच्या बाईने त्यांना जेवूखाऊ घालायचं, शाळेसाठी उठवायचं. पारखी लोक शेवटी या बाईकडे जातातच, कारण पोरगं कसं आहे ते बर्फावर अर्धंच कळतं. रीसच्या घरची बाई डोरीन स्वेनसन. विधवा, उंच, हाताला पीठ. तिने त्याला दारातच बूट काढायला लावले, खुर्ची दिली, कॉफी विचारली नाही.

"कुठला क्लब ते सांगू नका," ती म्हणाली. "मला सगळे सारखेच. तुम्ही काय विचारणार तेही मला माहीत आहे. रात्री घरी किती वाजता येतो."

ओरेस्टला ते शब्द ओळखीचे वाटले. कुठे ऐकले ते मात्र चटकन आठवेना. मॅकरेची ती तीन माणसं धरून आपण चौथे आहोत एवढं त्याने मोजलं.

"साडेनऊला झोपतो," डोरीनबाई म्हणाली. "मुलगी नाही, दारू नाही. फोनवर आईशी बोलतो आणि घोरायला लागतो. हे मी तिघांनाही सांगितलं. तिघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी झाकतेय. मग मला वाटायला लागलं, इतकी माणसं विचारताहेत म्हणजे काहीतरी असणार. मी दाराच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागले. नऊ वर्षं पोरं ठेवतेय घरात, असं कधी केलं नव्हतं. त्यालाही ते कळलं. आता कचरा टाकायला गेला तरी आत येऊन सांगतो, 'मी आलो, डोरीन.' कुणी न विचारता."

ओरेस्टने विचारलं, हे पहिल्यांदा कुणी सुरू केलं? त्याला लाइलचं नाव तिच्या तोंडून हवं होतं. बिया खाणारा एकजण आला होता का?

"तो आला होता ना. तोच एक बरा. त्याने रात्रीचं विचारलंच नाही. पोरगं जेवतं किती आणि हरल्यावर घरी कसं वागतं, एवढंच विचारलं. बाकीच्यांपैकी एकाला मी चांगला धरला. म्हटलं, कोणी घातलं हे तुमच्या डोक्यात? तो म्हणाला, कॅनोराचा ओरेस्ट म्हणाला, आणि तो उगाच बोलणाऱ्यातला नाही." तिने ओट्यावरचं पीठ पुसलं. "तुमचं नाव काय म्हणालात?"

त्याने अजून सांगितलं नव्हतं. आपल्या मोज्यांकडे बघत त्याने नाव सांगितलं.

दारात जाऊन त्याचे बूट डोरीनबाईने सरळ करून ठेवले, बाहेरच्या दिशेने तोंड करून.

गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चमध्ये ख्रिस्ताची प्रतिमा काढलेलं कापड ठेवतात. लोक गुडघ्यांवर सरकत जाऊन त्याला ओठ टेकवतात. ओरेस्ट रांगेत होता. अर्ध्या वाटेवर तो उठला आणि मागे जाऊन उभा राहिला. गुडघा दुखतोय, असं त्याने शेजारच्याला सांगितलं. पावलीनाने बघितलं. घरी येऊन तिने एवढंच म्हटलं की गुडघ्याला लावायचं मलम कपाटात आहे, आणि दुसऱ्या कशाचा इलाज कुठे असतो ते तुला ठाऊक आहे.

बैठक विनिपेगच्या एका हॉटेलात होती. मॅकरेने रीसचं नाव वाचलं आणि म्हणाला, हे जातंय. ओरेस्ट उभा राहिला. तिथे बसून बोलायची रीत आहे, त्यामुळे सगळे बघायला लागले.

"ती तीन माणसं म्हणजे मीच आहे," तो म्हणाला. "लाइलला चकवायला मी एक प्रश्न विचारला होता. तोच फिरून तुमच्याकडे आलाय. पोरगं साडेनऊला झोपतं."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. मॅकरेने चष्मा काढला.

"म्हणजे पोरगं हवं असलं की तू खोटं पसरवतोस."

"खोटं नाही, प्रश्न—"

"ओरेस्ट, हे पोरगं तुला आत्ताही हवंय. मग आत्ता तू काय करतोयस, ते मी कशावरून ठरवू?"

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर ओरेस्टने स्वतःही हेच विचारलं असतं, हे त्याला कळत होतं. बाईला विचारा, तो म्हणाला. मॅकरे म्हणाला, बाई तर झाकणारच. नाव गेलं.

जूनमध्ये त्याने ड्राफ्ट घरीच टीव्हीवर बघितला. चौथ्या फेरीत रीस लावालेचं नाव आलं. घेणारा क्लब लाइलचा होता. पडद्यावर काटकुळं पोरगं आईच्या गळ्यात पडलं. तिच्या पलीकडे बाप उभा, कोटाच्या बाहीतून मनगटं चांगली बोटभर बाहेर आलेली. ओरेस्टचं लक्ष तिथेच गेलं. पावलीना म्हणाली, चला, पोराचं तरी झालं, देवाने ऐकलं. तो हो म्हणाला. ते खरंही होतं, पण त्याने टीव्ही बंद केला.

संध्याकाळी लाइलचा फोन.

"आभार मानायला केला, म्हाताऱ्या."

"कसले आभार?"

"अकरा वर्षं शेजारी बसतोय तुझ्या. जे पोरगं तुला नको असतं त्याच्याबद्दल तू दोन गोड शब्द बोलतोस. वाईट कधीच नाही. त्या दिवशी मी सहज विचारलं आणि तू पहिल्यांदा वाईट बोललास. मी त्याच आठवड्यात तीनदा जाऊन बघून आलो त्याला." फोनवर बी फुटल्याचा आवाज आला. "तू सांगितलं नसतंस तर माझ्या काही लक्षात आलं नसतं. तो दुसऱ्या खांद्यावरून बघतो ना?"

ओरेस्ट म्हणाला, हो, बघतो.

क्लबने त्याला काढलं नाही. फक्त त्याने बघितलेलं प्रत्येक पोरगं आता आणखी एक माणूस मागून येऊन बघून जातो. त्याबद्दल ओरेस्टची तक्रार नाही. गव्हाच्या तळाशी हात घालणाऱ्याला दुसऱ्याचा हात चालायलाच हवा, असं तो म्हणतो, पण म्हणताना हसत नाही.

पुढच्या हंगामात, पायऱ्यांखालच्या त्याच खोलीत, दुसऱ्या एका क्लबच्या माणसाने त्याला विचारलं, तो सात नंबरचा कसा वाटतो? ओरेस्टने डोनट खाली ठेवला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "पाय पक्के आहेत. चूक झाली की मान खाली घालत नाही. मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता."

त्या माणसाने त्याच्याकडे निरखून बघितलं, मग कोपऱ्यात बसलेल्या लाइलकडे बघितलं आणि हळूच डोळा मारला. "दोन गोड शब्द ना? कळलं, ओरेस्ट," तो म्हणाला, आणि सात नंबरचा त्याने सोडून दिला.