दुसरी मुलगी कुठे गेली?

कलादालनात सगळे तिला पाटीवाल्या ताई म्हणत. चित्रांखालच्या इंग्रजी पाट्या टाइप करायच्या, कापायच्या, पुठ्ठ्यावर डकवायच्या, हे तिचं काम. शिक्षण मराठी शाळेतलं. पण इंग्रजी व्याकरण बाईंनी असं घोटून घेतलेलं की भल्याभल्या साहेबांच्या चुका ती गुपचूप सुधारायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची.

नव्या प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी दालन बंद करताना वॉचमन काकांनी यादी घेऊन चित्रं मोजली. यादीत एक्केचाळीस, भिंतीवर चाळीस.

"‘डॉटर्स’, नग दोन," काका म्हणाले, "आणि इथं तर एकच आहे."

चित्रात खिडकीशी बसलेली एक मुलगी, शेजारी रिकामी खुर्ची.

दालन चालवणाऱ्या मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "नावच ‘मुली’ आहे. मग दुसरी कुठे गेली? दारं लावा. काका, मागचं दार दुपारी तुमच्याकडे होतं ना?"

"होतं. म्हणून काय चित्र डब्यात घालून नेलं मी?"

"पिशवी दाखवा."

ताई शेजारीच उभी होती. यादी तिचीच होती. पेट्या उघडण्याआधीच, नुसत्या चित्रकाराच्या कागदांवरून, पाट्या आणि यादी तयार करायची इथली पद्धत. चित्र तिने पाहिलंच नव्हतं.

ती आपल्या खोलीत गेली. खणातून मूळ कागद काढला. चित्रकाराने लिहिलं होतं, ‘डॉटर्स वॉज पेंटेड...’, एकवचनी क्रियापद. एवढा मोठा माणूस आणि मुलींना वॉज? ती तेव्हा हसली होती. लाल पेनाने ‘वेअर’ केलं होतं आणि त्याच भरात यादीत दोनाचा आकडा घातला होता. खाली लांबी-रुंदी एकदाच दिली होती. जोडचित्रांना तर त्याने दोनदा दिली होती! नावात मुली कितीही असोत, चित्र एकच. त्याचं वॉज बरोबर होतं.

कागद फाडला तर कुणाला कळणार? तिला कायम करण्याचा अर्ज मॅडमच्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. ‘देवा, मला वाचव,’ असं ती पुटपुटायला गेली, तोच बाहेर काकांची पिशवी उलटी केल्याचा आणि त्यांचा चष्मा फरशीवर पडल्याचा आवाज आला. देवाला तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?

ती बाहेर आली. मॅडमनी पोलिसांना लावायला फोन हातात घेतला होता. तिने कागद पुढे केला. "मॅडम, हरवलं काहीच नाही. चूक माझी आहे."

मॅडमनी कागद वाचला. दोनदा वाचला. फोन ठेवला. "उद्या दहाला केबिनमध्ये या," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

काका डबा, मफलर, औषधाची पट्टी पुन्हा पिशवीत भरत होते.

"काका, माफ करा हो."

"घटकाभर चोर होतो मी, ताई." त्यांनी वर पाहिलं नाही. यादी तिच्यापुढे सरकवली. "आकडा खोडा आणि सही करा. मला कुलूप लावायचंय."

तिने दोन खोडून एक लिहिला. खाली एक्केचाळीसचे चाळीस केले आणि सही केली.