घराच्या वतीनं उत्तर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका पोरीचे प्रश्न तपासून देणं. मी चौथी शिकलेला, बायको शाळेची पायरी न चढलेली. तरी सरकारदरबारी जाणारे प्रश्न बरोबर हायत का नाय, ते आम्ही सांगणार होतो.

पोरगी सर्व्हेवाली, पाठीवर सॅक. म्हणाली, "बाबा, खरा सर्व्हे पुढं आहे. आत्ता फक्त बघतोय, प्रश्न लोकांना कळतो का."

"अन् आम्ही नापास झालो तर?"

"तुम्ही नाही, प्रश्न नापास होतो."

हे मला लई आवडलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा, मला कळलं नाय याचा दोष दुसऱ्याच्या माथी जाणार होता.

तिनं वाचलं, "तुमच्या घरातल्या लोकांचा आरोग्य विमा किंवा मोफत उपचाराचं कार्ड आहे का?"

"व्हय," मी म्हणालो. दारात कोणी कागद घेऊन आलं की उत्तर गड्यानं द्यायचं, ही आमच्या वैजापूरकडची रीत. शहरात येऊन निम्मं आयुष्य गेलं, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, रीत तशीच राहिली. बायको ओट्यापाशी उभी होती.

"प्रश्न ऐकून मनात काय आलं, बाबा?"

"आलं की, ही पोरगी जेवणाच्या आधी जाती का नाय."

बायको पदर तोंडाला लावून हसली. पोरीनं तेही लिहून घेतलं.

मग तिनं तोच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेनं विचारला. आता अख्ख्या घराचा नाय, एकेका माणसाचा, अन् ज्याचं त्यानं सांगायचं. "आजी, तुमचं स्वतःचं कार्ड आहे का?"

"हाय की तिचं," मी म्हणालो.

"बाबा, आजींना बोलू द्या."

बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. म्हणाली, "नाय."

"नाय कसं? शाळेतल्या कार्डाच्या शिबिराला दोघं गेलो होतो ना?"

"तुमचं झालं. माझी बोटं मशीनीवर उमटलीच नायत."

वीस वर्षं तिनं मेसवर भाकऱ्या थापल्या, तापल्या तव्यावरून हातानं उलटल्या. कॉलेजच्या पोरांची पोटं भरली, हिच्या बोटांवरच्या रेघा गेल्या. मशीनीच्या हिशेबी ती बाई नव्हतीच.

"मग कार्ड घरी येणार म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही त्या मशीनवाल्याशी भांडला असता. रेशनवाल्याशी भांडला, तवा कोणाची साखर बंद झाली?"

पोरगी हसू दाबत म्हणाली, "आजी, आता डोळ्यांवरूनही होतं."

"सोमवारी नेतो," मी कारभारी असल्यासारखं जाहीर केलं. पोरगी नंबर देऊन खुशीत गेली.

चार वाजता बायको दोरीवरचं धुणं काढता काढता खाली बसली, ती उठलीच नाय. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तपासलं अन् मान हलवली. मग विचारलं, छातीत कधीपासून दुखत होतं? मी म्हणालो, दुखत नव्हतं. इथंही घराच्या वतीनं.

संगं आलेली शेजारीण मागून बोलली, "महिना झाला, भाऊजी. कार्ड झालं की दाखवीन, म्हणायच्या."

तिथं कार्ड कोणी मागितलंसुद्धा नाय. बिनकार्डाचंही तपासतात, हे तिला घरातल्या जाणत्या माणसानं सांगायला पाहिजे होतं. जाणता माणूस मीच.

वेरूळहून लेक आल्यावर त्याच दिवशी उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक दारात बसले असताना मी आत जाऊन त्या पोरीला फोन लावला. बायको गेली म्हणून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "बाबा, त्यांचा कागद बाजूला काढते. हयात नसलेल्यांचा धरत नाहीत."

"काढायचा नाय. तू विचारलं तवा होती ना ती? तिचं 'नाय' राहू दे. माझं 'व्हय' खोड."

"तेही राहू दे, बाबा. प्रश्न कुठं चुकतो ते त्यातूनच कळतं."

"प्रश्न नाय चुकला, पोरी. त्याच्याखाली लिही, म्हाताऱ्यानं बायकोला कधी विचारलंच नव्हतं."

ती म्हणाली, लिहिते, सावकाश सांगा. मी सावकाश सांगितलं.